हुप्प्याची लांबलचक खबर

फार पूर्वी एका रानात रीत होती. झाडावरच्या वानराची सगळी खबर ऐकल्याशिवाय चितळांनी पाण्याला तोंड लावायचं नाही. नवा पहारेकरी हुप्प्या तर एकही गोष्ट गाळणं पाप समजे.

"वारा कालचाच. बगळा जागेवर. बेडूकही जागेवर..."

पाडसांचे घसे सुकले. "आटप की मेल्या!" म्हातारी चितळीण कावली.

"थांबा मावशी, करवंदीची जाळी राहिलीच. तिच्यात बिबट्या बसलाय."

कळप उधळला. बिबट्याचा पंजा शेवटच्या पाडसाच्या शेपटीला चाटून गेला. हुप्प्याला दिवसभर एकही फळ गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जाळीसकट चहूकडे नीट पाहिलं, ओठांवर आलेली बगळ्याची बातमी गिळली आणि ओरडला, "प्या!"

पाडसं पाण्यावर तुटून पडली. चितळीण हसली, "अन् बेडकाची खबर रे?"

"त्याने घाबरून पाण्यात उडी मारली असती, तर आधी तेच सांगितलं असतं, मावशी!"