सिदाप्पाचं गळकं घोंगडं

फार मागची गोष्ट आहे, पणज्याच्याही पणज्याच्या वेळची. तरसवाडीत सिदाप्पा सांगर लोकरीची घोंगडी विणायचा. हाताला जादू, पण त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. कारण बाजारात तोंड उघडायचीच त्याला लाज. माल मांडायचा, मान खाली घालून बसायचा आणि दिवस मावळला की गाठोडं तसंच उचलून घरी.

शेवटी बायको तानुबाई वैतागली. म्हणाली, तुम्हाला बोलता येत नाही ना, मग बसा गप. तिनं त्याला भर बाजारात बसवलं, डोक्यावर घोंगडं घातलं आणि वरून घागर रिकामी केली. पाणी वरच्या वर ओघळलं, आत सिदाप्पा कोरडाच्या कोरडा. लोक पोट धरून हसले आणि घेतलं कोणी काही नाही. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं. आठवड्याचे चार बाजार, पायी, माघाच्या थंडीतसुद्धा अंगावर घागर. तीन वर्षं असं चाललं, असं म्हणतात. मग कुठे धनगर थांबून घोंगडं हातात घेऊन बघू लागले.

आणि एका वर्षी पावसाच्या तोंडावर पंधरा घोंगडी मागितली गेली. तयार होती अकरा. एवढ्या कष्टानं जोडलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सिदाप्पाच्या जिवावर आलं. त्यानं लांबच्या बाजारातून चार विरविरीत घोंगडी आणली आणि चिंचोक्याची खळ दोनदा चढवून ताठ केली. एका घागरीला ती टिकली असती, झडीला नाही. हे त्याला ठाऊक होतं. बाजारात तानुबाईचा हात घागरीवर अडला, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ओत."

आषाढात दोन दिवस झड लागली. मायाक्का नावाची धनगरीण माळावर नुकतीच बाळंत झालेली. खळ विरघळली, घोंगडं चाळणीसारखं गळलं आणि तान्हं बारा दिवस तापानं फणफणलं. वाचलं, हे नशीब. मग एका मंगळवारी, तरसवाडीच्या बाजाराला, तिनं ते घोंगडं सिदाप्पापुढे आणून ठेवलं. शिवी नाही, शाप नाही.

"तुम्ही पाणी ओतून दाखवलं," ती म्हणाली, "म्हणून मी पारखून घेतलं नाही."

सिदाप्पाला वाटलं, धरणी फाटावी आणि पोटात घ्यावं. आता हा घराबाहेर पडत नाही, असं तानुबाईला वाटलं. पण आठवडाभर माळ तुडवून त्यानं बाकीची तीनही परत घेतली आणि पुढच्या मंगळवारी तेच गळकं घोंगडं डोक्यावर घेऊन बसला. तानुबाईनं घागर ओतली, तो नखशिखांत भिजला. मग जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "हे मी फसवून विकलेलं. आधी हे बघा, मग दुसरं."

एकोणीस वर्षं दर मंगळवारी त्यानं हेच केलं, असं म्हणतात. गिऱ्हाईक दहा गावांहून यायचं. सिदाप्पाची मान मात्र वर झाली नाही.

एकदा म्हाताऱ्या तानुबाईच्या हातातली घागर एका तरुणानं घेतली. म्हणाला, मी मायाक्काचा लेक. त्यानं पाणी ओतलं, आणि ज्यातून आभाळ दिसायचं त्या घोंगड्यातून थेंब खाली आला नाही.

"आता उठा, आजा," पोरगा म्हणाला.

सिदाप्पा उठला, घोंगडं घडी केलं, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येऊन बसला. पाणी थांबलं म्हणून लाज थोडीच थांबते?

अजूनही पावसाआधीच्या शेवटच्या बाजारात आमच्याकडे प्रत्येक विक्रेता आपला सगळ्यात वाईट माल पुढे मांडतो, त्यातली खोट स्वतः सांगतो आणि गिऱ्हाइकाच्या हातून डोक्यावर घागर ओतून घेतो. मग मोबाईलवाला असो की भाजीवाली.

मी तीस वर्षं तिथं मिरचीपूड विकतो. गेल्या वर्षी नेमका त्या मंगळवारी मी आजारी पडलो. कोणी काही विचारलं नाही. फक्त तेव्हापासून माझ्या दुकानापुढे दर मंगळवारी एक घागर भरून ठेवलेली असते.