झिपऱ्या आणि काळी कोंबडी

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता, मंदाकिनी नावाची राणी होती आणि त्यांची तान्ही लेक होती, चिमी. राणी शिकलेली. बाळ वाढवण्याचे सगळे ग्रंथ तिला तोंडपाठ; पण बाळ शिंकलं की एक ओळ आठवत नसे.

एकदा दारी मांत्रिक आला. त्याने पाणी मागितलं. राजा सोंगट्या खेळत होता. उठायचा कंटाळा, म्हणून त्याने घरच्या कुत्र्याला, झिपऱ्याला, नुसतं छू म्हटलं. झिपऱ्याने मांत्रिकाचं धोतर फाडलं.

मांत्रिक ओरडला नाही. त्याने भिंतीवरून परसात तीन पिसं टाकली. त्यांच्या तीन कोंबड्या झाल्या.

"राजा, पांढरीत तुझ्या लेकीचं हसू आहे, तांबडीत सावली, काळीत श्वास. सांभाळ. जे दात माझ्यावर सोडलेस, तेच तुझं घर लुटतील."

कोंबड्या दाणे टिपत, पण आवाज करत नसत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी झिपऱ्या आत आला. मारलेली पांढरी कोंबडी त्याने पाळण्याखाली अलगद ठेवली आणि शेपूट हलवलं. चिमीचं हसू गेलं. गुदगुल्या केल्या तर ती नुसती बघत राही, म्हाताऱ्या माणसासारखी.

राजाने झिपऱ्याला साखळी घातली. पुढच्या दुपारी साखळी जागच्या जागी, पट्टा बंद, पट्ट्यात मान नाही. तांबडी कोंबडी मरून पाळण्याखाली. राणीने चिमीला उन्हात नेलं. फरशीवर राणीची सावली पडली. हात कडेवर वाकलेला, आणि त्या हातात काही नाही.

राजाने झिपऱ्याला पुन्हा बांधलं. "उद्या याचं मुंडकं उडवतो."

राणी म्हणाली, "महाराज, एरवी तो पाळण्याखालून हलत नाही. राखण करतो."

"बघतोय ना, कसली राखण ते."

राणी परसात गेली. काळी कोंबडी आडोशाला बसली होती. तिची छाती वरखाली होई, तशीच आत चिमीची. राणीने तिच्यावर टोपली पालथी घातली, तर आत चिमी घुसमटली. तो आवाज ऐकून राणीने टोपली भिरकावली.

शेवग्यावरचा पिंगळा हसला. "काय बाई, हे ग्रंथात नव्हतं वाटतं?"

"टोमणे पुरेत. उपाय सांग."

"कुत्रं मारलंत तर दात मागे उरतील. मग ते कुठे फिरतायत हे दिसायचंही नाही. तीन कामं कर. साखळी तुझ्या हाताने सोड. कोंबडी ओटीत घेऊन त्याच्यासमोर उभी राहा. तिसरं तुझं तू शोध. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, हे त्या मुक्याला कुणी सांगितलं, ते आठव."

राणीला आठवलं. चिमीला माहेराहून आणलं, तेव्हा उंबऱ्याबाहेर तिच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं होतं. तो तुकडा झिपऱ्याने खाल्ला आणि जाऊन पाळण्याखाली बसला. कोंबड्या मात्र भिंतीवरून आल्या. त्यांच्यावरून कुणी काही ओवाळलंच नव्हतं. झिपऱ्याच्या लेखी त्या परक्या. तो लुटत नव्हता, राखत होता.

सकाळी राजा तलवार घेऊन आला.

"महाराज, एक दुपार द्या."

"आणि काळी गेली तर?"

राणी जाऊन चुलीपाशी बसली. पहिली भाकरी करपली. दुसरी तव्यावरच मोडली. तुकडाच हवा होता, म्हणून चाललं.

"कोंबडीला ओवाळणार?" राजाने विचारलं.

"हो. तांब्या तुम्ही धरा."

सूर्य डोक्यावर आला. राणीने साखळी सोडली. कोंबडी ओटीत घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. झिपऱ्याचे डोळे राखेच्या रंगाचे झाले. तोंड उघडलं, तर आत दातांच्या मागे दात होते. कोंबडीची छाती थांबली. आत पाळण्याची करकर थांबली.

राणीने तुकडा कोंबडीवरून ओवाळला, राजाच्या तांब्यातलं पाणी ओवाळलं आणि ते दोन्ही एका बाजूला टाकलं.

झिपऱ्याने कोंबडीकडे पाहिलं. तुकड्याकडे पाहिलं. मग तुकडा खाल्ला.

त्याने कोंबडीला चोचीपासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि तिच्या पाठीवरून जीभ फिरवली. डोळे पुन्हा तपकिरी झाले. राणी उजवं पाऊल टाकून उंबरा ओलांडून आत आली, आणि काळी कोंबडी पहिल्यांदा कॉक-कॉक ओरडली. पाळण्यात चिमी खिदळत होती. भिंतीवर तिच्या मुठी नाचत होत्या, सावलीच्या.

दाराबाहेर मांत्रिक उभा होता. ओवाळलेल्या पाण्याचा तांब्या खाली ठेवून राजा स्वतः आत गेला आणि ताजं पाणी घेऊन आला. मांत्रिक प्यायला, ओठ पुसले, निघून गेला.

त्या दारी पुन्हा कुणावर कुत्रं सोडलं गेलं नाही. काळी कोंबडी पाळण्याखाली अंडी घाली आणि झिपऱ्या त्यांना अंग लावून झोपे.

शाप सुटला. राणीची सवय मात्र सुटली नाही. येता-जाता ती वाकून बोट धरते, आधी लेकीच्या नाकाशी, मग कोंबडीच्या चोचीशी. आणि दोन्हीकडे कोमट श्वास लागला की मगच पुढच्या कामाला जाते.