परसातली कोथिंबीर

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, माई?"

विश्रामने ताटातल्या पालकाला बोटही लावलं नव्हतं. शेजारी त्याची बायको अनसूया. सातवा महिना लागलेला, आणि सुकून अगदी पाप्याचं पितर झालेली. अंगात रक्त नाही, पालेभाज्या खाऊ घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण विश्राम बाजारची भाजी उंबऱ्याच्या आत येऊ देईल तर शपथ.

नदीकाठच्या मठात माई एकट्याच राहत. आल्यागेल्याला जेवू घालत आणि त्याचं ऐकून घेत. आज विश्रामचं ऐकत होत्या.

वांगं चकाकतं, म्हणजे औषधात बुडवलेलं. फ्लॉवर पांढराशुभ्र, म्हणजे त्याला काहीतरी फासलेलं. कुणी दुकानावर 'सेंद्रिय' लिहितं, पण पाटी रंगवायला काय जातं? खायचं ते फक्त आपल्या परसातलं. आणि परसात सध्या कोथिंबिरीखेरीज काही नव्हतं.

"हा पालक बाजारचाच असेल," विश्राम म्हणाला. "यावर काय फवारलंय, सांगता येईल तुम्हाला?"

"नाही."

विश्रामला जिंकल्यासारखं वाटलं. त्याने पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली. मुळांना अजून माती होती. चार काड्या खुडून त्याने अनसूयेच्या भाकरीवर ठेवल्या. धुवायचीही गरज नाही म्हणाला, घरची आहे, रसायनाचा थेंब नाही.

अनसूयेने घास उचलला. माईंनी तिचं मनगट धरलं.

"या कोथिंबिरीला खत काय घालतोस?"

"शेणकाला. ताजा. आज सकाळीच ओतलाय वाफ्यावर."

माई उठून गोठ्यात गेल्या. येताना वाटीभर शेण कालवलेलं पाणी घेऊन आल्या आणि वाटी त्याच्या ताटाशी ठेवली.

"घोटभर घे."

"माई... हे काय प्यायचं असतं?"

"रसायनाचा थेंब नाही यात."

विश्राम वाटीकडे बघत राहिला. मग भाकरीवरच्या हिरव्या पानांकडे...

पोटुशी बाई, आणि गेले कितीतरी दिवस आपण हिला आपल्या हाताने हेच भरवतोय. त्याने त्या काड्या उचलून बाजूला ठेवल्या. पण संशय मोठा चिवट.

"तरी पण माई... तो पालक..."

"त्याचा मला भरवसा नाहीच. म्हणून चार पाण्यांतून काढला आणि शिजवला."

अनसूया आता कुणाच्या होकारासाठी थांबली नाही. तिने पालक भाकरीवर घेतला आणि खाऊ लागली, भराभर, उपाशी माणूस खातं तशी. विश्रामने अडवलं नाही.

माईंनी कोथिंबिरीची जुडी उचलून पाण्यात बुडवली. पाणी गढूळ झालं. ते ओतून त्यांनी दुसरं घेतलं.

"सगळ्या गावावर संशय घेतलास, विश्राम... एक माणूस तेवढा कसा रे सुटला?"