उंबरठ्यावरचा पहिला बोल

फार पूर्वी एक शहर होतं. शहर म्हणायचं आपलं रीत म्हणून. खरं तर ती सात पेठांची खिचडी होती. राजाला तट बांधायचा होता, तेव्हा त्यानेच दवंडी पिटून माणसं बोलावली. डोंगरापलीकडून पाथरवट आले, दक्षिणेकडून विणकर आले, खाडीपारहून मीठवाले आले. तट बांधून झाला तरी माणसं राहिली. हात बोलावले की त्यांच्यामागून तोंडं येतात आणि तोंडात भाषा असते, हे काही राजाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या शहरात तानू नावाची एक सुईण होती. जन्माने ती तिथलीच, दरबारी बोली हीच तिची मायबोली. पण तीस वर्षं तिने सातही पेठांतली बाळंतपणं केली होती. कळा सुरू झाल्या की बाईला शिकलेली भाषा सोडून जाते, उरते ती आईची, हे तानूइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ती बाळंतिणींच्या खाटेशी बसून सगळ्या बोली शिकली.

शहरात एक जुनी रीत होती. बाळ जन्मलं की सुईणीने त्याला उंबरठ्याशी आणायचं आणि त्याच्या कानात, त्याच्या आईच्या भाषेत म्हणायचं, "आलास का? ये, घर तुझंच आहे." मगच आजीने बाळ हातात घ्यायचं.

पुढे राजाला एक नवा कारभारी मिळाला. मोठा हुशार माणूस. काम नसलं की उकरून काढायचा. तो म्हणाला, "महाराज, सात भाषा म्हणजे सात मनं. बाळाच्या कानात पहिला बोल दरबारी भाषेतच पडला पाहिजे."

राजाने मान डोलावली आणि हुकूम निघाला. जी सुईण तो मोडील तिला शहराबाहेर काढायचं ठरलं. नजर ठेवायला बाळंतिणीच्या दाराशी एक शिपाईसुद्धा नेमला.

तो मिशाळ शिपाई दाराला कान लावून उभा राही. आत बाई कळा सोसे, बाहेर हा घाम पुसे. पेठेतल्या म्हाताऱ्या त्याला विचारीत, "काय हो शिपाईदादा, तुम्हाला कितवा?"

तानूने हुकमाला भीक घातली नाही. तिची रीत चालूच राहिली. शिपाई सगळं ऐके आणि ऐकून न ऐकल्यासारखं करी. असे सहा महिने गेले. मग एके दिवशी एका पाथरवटणीच्या दाराशी कारभारी स्वतःच येऊन उभा राहिला आणि तानू पकडली गेली.

दरबारात कारभारी म्हणाला, "तू तर आपल्यातली गं, तानू. तुला आपल्या भाषेचा अभिमान नाही?"

तानूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आहे! माझी भाषा माझी आई आहे. म्हणूनच सांगते, तिला शिपाई करून दारोदार फिरवू नका. लोक तिला भितील, आणि भिऊन कुणी कुणाचं लेकरू होत नाही."

कारभाऱ्याने तिचा बटवा काढून घेतला. सुंठ, ओवा, वेखंड ठेवायचा तो बटवा तिच्या आईच्या हातचा होता. वर बजावलं, "पौर्णिमेच्या आत शहर सोड."

तिसऱ्याच दिवशी राजाच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. ही सून खाडीपारच्या राज्यातली, मीठवाल्यांच्याच मुलखातली. आठ वर्षांत ती दरबारी भाषा अशी अस्खलित बोलू लागली होती की ती परकी आहे हे लोक विसरूनच गेले होते. पण त्या सकाळी ती भाषा तिला सोडून गेली. नवी सुईण दरबारी भाषेत सांगत होती, "आता जोर लावू नका, थांबा." सुनेच्या कानावर नुसते आवाज पडत होते. ती एकच शब्द पुन्हापुन्हा ओरडत होती आणि तो कुणालाच कळत नव्हता. दुपार झाली. सून निपचित पडू लागली, तसा राजा अनवाणी तानूच्या दारी धावला.

तानू गाठोडं बांधत होती. अटी घालायची हीच वेळ होती. पण अडलेल्या बाईच्या जिवावर सौदा करील ती सुईण कसली? ती तशीच निघाली.

आत शिरताच तिला तो शब्द कळला. सून म्हणत होती, "पाठ! पाठ!" तानूने तिला कुशीवर वळवलं, पाठीला हात लावला आणि तिच्याच बोलीत म्हणाली, "मी आहे गं. मी सांगेन तेव्हा जोर लाव." घटकाभरात मुलगी झाली.

तानू बाळाला घेऊन उंबरठ्याशी आली. बाहेर सगळा दरबार उभा होता. कारभारी पुढे झाला. त्याच्या हातात तिचा बटवा होता. "झालं ते झालं. पण ही राजाची नात आहे. पहिला बोल दरबारी भाषेत म्हण, आणि हा बटवा घेऊन सुखाने या शहरात राहा."

तानूने बटव्याकडे पाहिलं. आईचे टाके तिला लांबूनही ओळखू आले. मग तिने बाळाला छातीशी धरलं आणि कानात म्हणायचं ते, सगळ्या दरबाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मीठवाल्यांच्या बोलीत म्हटलं.

"काय म्हणाली ही?" राजाने विचारलं.

आतून क्षीण आवाज आला. सून दरबारी भाषेत सांगत होती, "मामंजी, ती म्हणाली, 'आलीस का? ये, घर तुझंच आहे.' मला या घरात येऊन आठ वर्षं झाली. माझ्या भाषेत हे आज पहिल्यांदा ऐकलं."

राजाची मान खाली गेली. तो म्हणाला, "बाई, तुला माफ केलं."

"माफी चुकीला असते, महाराज. मी चूक केलेली नाही. हुकूम मागे घ्या, नाहीतर ही मी चालले." बाळ आजीच्या, म्हणजे राणीच्या, हातात देऊन तानू खरंच चालू लागली. बटव्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

ती देवडीपर्यंत पोहोचली असेल नसेल, तोच राजा ओरडला, "थांब! हुकूम रद्द!"

आता हे सातही पेठांत सांगायचं कुणी? दवंडी पिटणं काही सुईणीचं काम नव्हे, आणि दरबारात एकालाही त्या बोली येत नव्हत्या. तेवढ्यात तो मिशाळ शिपाई खाकरला. "महाराज, फार नाही, पण एवढं एक वाक्य मला सातही भाषांत येतं. सहा महिने कान लावून उभा होतो ना!"

मग शिपाईच डफ घेऊन पेठापेठांतून फिरला आणि ज्या त्या भाषेत ओरडला, "ये, घर तुझंच आहे!" पाथरवटणी त्याच्या उच्चारांना पोट धरून हसल्या. तानू मात्र तो सोहळा पाहायला थांबली नाही. कारभाऱ्याकडून परत घेतलेला बटवा कमरेला खोचून ती विणकर पेठेकडे निघाली होती. तिथे एकीच्या कळा सुरू झाल्या होत्या.

तात्पर्य: दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप घालून आपली भाषा मोठी होत नाही. दाराशी आलेल्याला जी "ये" म्हणते, तीच मोठी होते.