पाठ न दाखवण्याचा नियम

त्या तळ्यावर साऱ्या थव्यांची पिलं लांबचं उडणं शिकायला येत. येताना प्रत्येक जण आपली दिशा बरोबर आणी. दिवस मावळला की करकोचे आभाळाकडे माना करत, बदकं पाण्याकडे, टिटव्या गवताकडे. घरी आजीनं तसंच शिकवलेलं असे. कुणाची दिशा खरी यावरून पूर्वी बऱ्याचदा पिसं उडाली. म्हणून तळ्यावर शिकवणाऱ्या म्हाताऱ्या पाणकोळ्यानं नियम घातला. संध्याकाळी सगळ्यांनी गोल करून समोरासमोर उभं राहायचं. जो पाठ दाखवील, तो घरी जाईल.

तेव्हापासून सगळे गोलात उभे राहत, "तुमचीही दिशा चांगली हं," म्हणत आणि डोळे मिटत.

त्या हिवाळ्यात एक टिटवी आली. तिच्या माळावरून तळ्यावर आलेली ती पहिलीच. तिला झोप लागेना. गवत मागे राहिलं की मान शिवशिवे.

"काय गं," समोरचा करकोचा म्हणाला, "पाय वर करून झोपायचंय का? आभाळ पडेल म्हणून तुम्ही तसं झोपता म्हणे."

"आणि तुम्ही एका पायावर उभे राहता, ते जमिनीला भार नको म्हणून?"

करकोचा हसला. टिटवीनं हळूच विचारलं, "वर काय बघता रे तुम्ही?"

तळ्यावर त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "ससाणा," तो म्हणाला. "माझ्या भावाला नेलं त्यानं. तुझ्या गवतात काय असतं?"

"कोल्हा."

"पाण्यात पाणमांजर असतं," बदकाचं पिलू मधेच म्हणालं.

दुसऱ्या संध्याकाळी गवत सळसळलं. गोल गोड बोलण्यात रमला होता. टिटवीला घरी जायचं नव्हतं. लांबचं उडणं अजून अर्धंच आलं होतं. तरी ती गर्रकन वळली आणि जीव खाऊन ओरडली. कोल्हा बदकाच्या शेपटीची पिसं तोंडात घेऊन पळाला.

"पाठ दाखवलीस," पाणकोळी म्हणाला. "सकाळी निघ."

टिटवीनं गवतावरची नजर काढली नाही. तेवढ्यात तिच्या पाठीला काहीतरी ऊबदार टेकलं. करकोचा तिला पाठ लावून उभा होता, चोच आभाळाकडे. मग बदक येऊन टेकलं, पाण्याकडे तोंड करून. मग एकेक करून सगळेच.

"आता किती जणांना धाडाल, आजोबा?" बदक म्हणालं.

पाणकोळी त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला. मग जिकडे कुणीच बघत नव्हतं, तिकडे तोंड करून त्यांना येऊन टेकला.

"झोप आता," करकोचा म्हणाला. टिटवीनं मान पिसांत घातली. तो आभाळाकडे बघत राहिला. मधूनमधून मात्र मान वाकवून तो गवताकडेही बघत होता.