थांब नावाचं लेकरू

"थांब? हे नाव मुलाचं की मुलीचं?" विश्वंभरनं विचारलं.

"लेकराचं," बाई म्हणाली.

रांगेतलं कुणीतरी हसलं.

बाईचं नाव ठकूबाई. धनगराची. बारा दिवसांचं बाळ घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ती नवऱ्यासोबत डोंगरावरच्या मठात आली होती.

येसूमायच्या मठाची रीत होती. बाराव्या दिवशी लेकरू मायच्या मांडीवर द्यायचं, आई सांगेल ते नाव मायनं त्याच्या कानात सांगायचं. पण माय आता नव्वदीला टेकली होती. हात कापायचे, आवाज बसलेला. म्हणून यंदापासून ते काम तिनं आपल्या शिष्याला, विश्वंभरला दिलं होतं. स्वतः शेजारी भिंतीला टेकून बसायची.

विश्वंभर बारा वर्षं व्याकरण शिकून मठात आला होता. कुणी शब्द चुकवला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. ती आता पडली.

"बाई, थांब हे नाव नव्हे. ते क्रियापद आहे. आज्ञार्थी. त्याला लिंग नसतं."

"नसू द्या."

"नसू द्या कसं? नाव ऐकलं की माणूस कळायला हवा. मुलगा की मुलगी, एवढं तरी."

ठकूबाईनं घोंगडी बाळाच्या गळ्याशी सारखी केली.

"आधीची तीन गेली, महाराज. दोन लेक आन् एक लेक... मंजी दोन मुलगं, एक मुलगी. नेणाऱ्यानं कुठं इचारलं?"

रांगेतलं हसू थांबलं. तिच्या नवऱ्यानं तोंड फिरवून खालच्या दरीकडे पाहिलं.

विश्वंभरला वाईट वाटलं. पण चुकीचा शब्द आपल्या तोंडून एका नवजात कानात जावा, हे त्याला सोसेना. गावात हे पोर थट्टेचा विषय होईल, आणि लोक म्हणतील, मठातल्या शास्त्र्यानं ठेवलं नाव.

त्यानं बाळ दोन्ही तळव्यांवर घेतलं. कानाशी वाकला. एक शुद्ध, शुभ नाव उच्चारलं. बाळ परत दिलं.

"सांगितलंत?" ठकूबाईनं विचारलं.

"सांगितलं. तुमच्यापेक्षा चांगलं सांगितलं. चिरंजीव. अर्थ तोच, बाई, आणि कुणी हसणार नाही."



ठकूबाई बाळाकडे बघत राहिली... मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो मटकन खाली बसला.

"काय झालं?" विश्वंभरनं विचारलं.

"चिरंजीव आमचा पयला व्हता," ती म्हणाली. "जोशीबुवांनी ठेवलं व्हतं नाव. पंचांग बघून. तेवीस दिस जगला."

दाराशी बांधलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

ठकूबाई गुडघ्यांवर पुढे सरकली आणि येसूमायच्या पायांशी आली. इतका वेळ तिचे डोळे कोरडे होते. आताही कोरडेच होते.

"माय, कानात गेलेलं नाव पुसता येतं का गं?"

येसूमायनं कापणारे हात पुढे केले. बाळ घेतलं. छातीशी धरलं, डोळे मिटले.

मग तिनं ते विश्वंभरच्या पुढे धरलं.

"घे."

"माय, मी चुकलो. आता तुम्हीच सांगा नाव. माझ्या तोंडून नको."

"घे म्हटलं ना."

"मला ठाऊक नव्हतं, माय..."

"तू विचारलंस कुठं? मुलगा की मुलगी, तेवढं विचारलंस."

त्यानं बाळ घेतलं. मघाशी त्यानं ते पोथीसारखं धरलं होतं, लांबून, दोन्ही हातांच्या तळव्यांवर. आता मायनं त्याचा उजवा हात ओढून बाळाच्या छातीवर ठेवला आणि वरून आपला दाबून धरला.

त्याच्या बोटांखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं. फार जोरात. मध्येच एक ठोका चुकल्यासारखं झालं... त्यानं घाबरून मायकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

ठोका पुन्हा आला.

विश्वंभर वाकला. त्याचं कपाळ बाळाच्या टाळूला लागलं. ओठ कानाशी गेले.

नाव एकदाच सांगायचं असतं, ही मठाची रीत. तो सांगतच राहिला. आवाज कुणाला ऐकू आला नाही, ओठ मात्र सगळ्यांना दिसत होते. रांगेतल्या मघाशी हसलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला.

त्यानं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. त्यानं बाळ ठकूबाईच्या ओटीत ठेवलं आणि तिच्यासमोर हात जोडले. तिनंही जोडले. नवरा-बायको उठली, मायच्या पाया पडली आणि डोंगर उतरू लागली.

रांग पुढे सरकली. दुपारपर्यंत आणखी सहा लेकरांना नावं मिळाली. विश्वंभरनं प्रत्येक आईला आधी विचारलं, घरी कोण कोण आहे, हे कितवं, बाळंतपण कसं झालं. त्याला वेळ लागत होता. कुणी कुरकुर केली नाही.

सगळी गेल्यावर तो मायच्या जवळ येऊन बसला. त्यानं तिच्यापुढे ताकाचा वाडगा ठेवला. तिनं तो उचलला नाही.

"माय..."

"बोल."

"त्या लेकराला आईनं सांगितलं तेच नाव दिलं. मनापासून दिलं. पण भीती जात नाही. ते मोठं होईल, शाळेत जाईल. मास्तर हजेरीला नाव घेतील आणि सगळा वर्ग हसेल. हे नाव मुलाचं की मुलीचं, असं विचारून हसतील. तेव्हा त्यानं काय करायचं?"

"शाळेत जाईल? वर्ग हसेल?"

"हसेल, माय. लोकांना मी ओळखतो."

येसूमायनं भिंतीला डोकं टेकलं. तिच्या सुरकुतलेल्या गालावरून एक थेंब खाली आला. तो तिनं पुसला नाही.

"ज्या दिवशी हसतील, त्या दिवशी गावभर गूळ वाट," ती म्हणाली. "मी नसले तरी."