उघड्या तोंडाची वीरगळ

धामणखिंडीच्या तोंडाशी एक वीरगळ उभी आहे. लढाईत पडलेल्यांचे असे कोरीव दगड गावोगाव दिसतात, पण या वीराचं तोंड उघडं आहे. पाहुणे दचकतात. शेजारच्या देवळातले शंकर गुरव मग पायरीवर टेकतात आणि राहीबाईची गोष्ट सांगतात.

राहीबाईचा सुभाना म्हणे भारी भित्रा. अंधारात गोठ्यात जायचं तर आईला हाका मारत जायचा. तोच पोरगा खिंड राखताना पडला, पण त्यानं शत्रूला गावात उतरू दिलं नाही. सरदारानं खूश होऊन मानाची वस्त्रं पाठवली, वीरगळ बसवायचा हुकूम दिला. दगडाला पहिलं पाणी आईनंच घालायचं, ही रीत.

सारा गाव जमला. राहीबाई घागर घेऊन आली आणि दगडापुढे थबकली. छाती काढलेला, झुपकेदार मिशांचा गडी!

"ह्यो कोन म्हनायचा?" ती म्हणाली. "माझ्या सुभान्याला मिसरूड तरी फुटलं होतं का?"

"वयनी, वीराला मिशा लागतातच," पाटील म्हणाले. "घाला पाणी. सरदाराची माणसं खोळंबलीत."

तिनं घागर कमरेवरून उतरवली नाही. परक्याला पाणी घातलं, तर आपलं पोर कायमचं पुसलं जाईल, एवढंच तिला कळत होतं. खिंडीतून जिवंत परतलेल्या भिवाकडे वळून तिनं विचारलं, "शेवटाला काय बोलला रं त्यो?"

भिवानं आधी पाटलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "मावशे, गुडघं लटलट कापत हुतं त्याचं. मोठ्यांदा वरडला, 'मला लई भ्या वाटतंय!' आमी समदेच पळायच्या बेतात हुतो. पर त्यो वरडला आन् जाग्यावरनं हलला न्हाई. मग आमचाबी पाय निघंना."

"हे बाहेर बोलू नका," पाटील पुटपुटले. "शेजारची गावं हसतील."

"हसू द्यात," राहीबाई म्हणाली. "मिशा काढा. न्हाईतर घाला तुमीच पानी."

पाथरवट गोंदाजी कळवळून म्हणाला, "बाई, दगडातलं काढता येतं, परत घालता येत नाही." तरी त्यानं छिन्नी लावली. मिशा गेल्या, पण त्यांच्यासंगं वरचा ओठही गेला आणि तोंड उघडं पडलं. गोंदाजी छिन्नी टाकून मागे सरला. राहीबाई मात्र कितीतरी वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं घागर रिकामी केली, असं सांगतात.

आजही गावचं पोर फौजेत निघालं, की आईसोबत इथं येतं आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणतं, "मला भ्या वाटतंय." कुणी हसत नाही. आई दगडाला पाणी घालते, पोर वाटेला लागतं.

मागे एकजण ऐटीत म्हणाला होता, "मला नाही वाटत."

आईनं भरली घागर खाली ठेवली. "मग बस हितंच," ती म्हणाली. "वाटंल तवा जा."